उत्तर कुणालाच ठाऊक नसलेल्या कोड्यांची स्पर्धा: पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

पत्त्यांचा एक साधा खेळ घ्या. १ ते ५ आकडे लिहिलेले पाच पत्ते, पिसून एका ओळीत मांडलेले. पहिल्या पत्त्यावर जो आकडा असेल तेवढे पत्ते सुरुवातीपासून मोजायचे आणि तो गट उलट्या क्रमाने ठेवायचा. पुन्हा पहिला पत्ता बघायचा, पुन्हा उलटायचे. १ पहिल्या जागी आला की खेळ संपला. प्रश्न एवढाच, की सुरुवातीची कोणती मांडणी खेळ सगळ्यात जास्त लांबवते?

३ १ ४ ५ २ अशी सुरुवात करून बघा. पहिला पत्ता ३, म्हणून पहिले तीन उलटे: ४ १ ३ ५ २. आता चार उलटे: ५ ३ १ ४ २. मग पाचही: २ ४ १ ३ ५. पुढे ४ २ १ ३ ५, मग ३ १ २ ४ ५, मग २ १ ३ ४ ५ आणि शेवटी १ २ ३ ४ ५. एकूण सात वेळा उलटावे लागले. पाच पत्त्यांत याहून लांब खेळ होत नाही. मांडण्या एकूण १२०च आहेत, पटत नसेल तर सगळ्या तपासता येतील.

हा टॉपस्वॉप्स नावाचा खेळ, गणितज्ञ जॉन कॉनवे यांचा. २०११ साली अल झिमरमन यांच्या प्रोग्रामिंग स्पर्धेत तो विषय म्हणून आला, तेव्हा पत्त्यांची संख्या २ पासून ९७ पर्यंतची प्रत्येक मूळ संख्या होती, म्हणजे पंचवीस कोडी. ९७ पत्त्यांच्या मांडण्या किती, तर १५२ अंकी संख्येइतक्या. १९ पत्त्यांपर्यंतची खरी उत्तरे आज सिद्ध झालेली आहेत (१९ साठी २२१), पण ९७ साठी आपल्याकडे फक्त आजवर सापडलेले सगळ्यात चांगले उत्तर आहे. त्याहून चांगले नाहीच, असे छातीठोकपणे कुणी म्हणू शकत नाही.

या स्पर्धांची सगळी गंमत इथे आहे. उत्तर बरोबर की चूक हा प्रश्नच नाही, दुसऱ्यापेक्षा चांगले आहे का एवढेच बघतात. शाळेतल्या गणिताची सवय झालेल्या माणसाला सुरुवातीला हे फार विचित्र वाटते, आणि मग सुटत नाही.

कुठली स्पर्धा निवडावी

प्रकार जुना आहे. १९६२ साली प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने ३३ शहरांतून जाणारा सगळ्यात छोटा फेरा शोधण्याची जाहीर स्पर्धा ठेवली होती, बक्षीस १०,००० डॉलर. १९९९ साली इंग्लंडमध्ये एटर्निटी नावाचे २०९ तुकड्यांचे जोडकोडे दहा लाख पौंडांच्या बक्षिसासह बाजारात आले. पुढच्याच वर्षी अ‍ॅलेक्स सेल्बी आणि ऑलिव्हर रिऑर्डन या दोघांनी ते सोडवले. त्याचा पुढचा भाग २००७ साली आला, २५६ तुकडे आणि वीस लाख डॉलर. तो २०१० च्या अखेरच्या मुदतीपर्यंत कुणालाही पूर्ण जमला नाही.

आज नवख्याने तीन प्रकार ओळखून ठेवावेत. पहिला झिमरमन यांच्यासारख्या स्पर्धांचा. इथे फक्त उत्तर पाठवायचे असते. ते कुठल्या भाषेत, कुठल्या मशीनवर, की कागद-पेन्सिलीने शोधले, याची चौकशी होत नाही, आणि वेळ महिन्यांत मोजतात. दुसरा प्रकार जपानच्या अ‍ॅटकोडर या प्रोग्रामिंग स्पर्धांच्या संकेतस्थळावरच्या ह्युरिस्टिक (म्हणजे अचूक नव्हे, जमेल तितके चांगले उत्तर शोधण्याच्या) स्पर्धांचा, २०२१ पासून सुरू असलेला. तिथे तुमचा प्रोग्रामच पाठवायचा असतो. तो त्यांच्या मशीनवर, तुम्ही कधी न पाहिलेल्या कोड्यांवर, काही सेकंदांत चालवला जातो. छोटी फेरी चार तासांची, मोठी दहा-बारा दिवसांची. तिसरा कॅगल या डेटा-स्पर्धांच्या संकेतस्थळावरचा नाताळातला सांता स्पर्धेचा प्रकार, ज्यात एकच भलेमोठे कोडे असते. २०१८ साली त्यात १,९७,७६९ शहरांचा फेरा होता.

माझे मत विचाराल तर पहिल्या प्रकाराने सुरुवात करा. घाई नसते, संपूर्ण कोडे डोळ्यांसमोर असते आणि रोज थोडे थोडे शिकता येते. चालू स्पर्धा नसेल तर जुन्या स्पर्धेचे कोडे घ्या. विजेत्यांचे आकडे बहुतेक वेळा जाहीर असतात, त्यामुळे आपण कुठे आहोत ते कळते. अ‍ॅटकोडरचे चार तास मात्र नवख्याची दमछाक करतात. एकदा हात बसला की तीच फेरी व्यसन लावते, ही गोष्ट वेगळी.

गुण कसे मोजतात ते आधी नीट वाचा

झिमरमन पद्धतीत प्रत्येक कोड्याला जास्तीत जास्त एक गुण. तुमचा आकडा भागिले आतापर्यंतच्या सगळ्या स्पर्धकांतला सर्वोत्तम आकडा. कमीत कमी करायचे कोडे असेल तर भागाकार उलटा. पंचवीस कोडी, म्हणून कमाल पंचवीस.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे, तुम्ही काहीही न करता तुमचे गुण कमी होऊ शकतात. रात्री कुणी विक्रम मोडला की सकाळी तुमचा भागाकार घसरलेला असतो. दुसरी गोष्ट जास्त कामाची. लहान कोडी सगळ्यांनाच पूर्ण जमतात, तिथे सगळ्यांना एक. खरी झुंज मोठ्या पाच-सात कोड्यांत आणि दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या अंकात असते. मशीनचा वेळ सगळ्या कोड्यांत सारखा वाटला तर तो फुकट जातो.

एक युक्ती सांगून ठेवतो. पुष्कळदा दुसऱ्यांचे आकडे दिसत नाहीत, आपली एकूण बेरीज तेवढी दिसते. अशा वेळी एका वेळी एकाच कोड्याचे उत्तर पाठवा. समजा तुमचा आकडा ४८०० आहे आणि तो पाठवल्यावर बेरीज ०.९४१२ ने वाढली. ४८०० भागिले ०.९४१२ म्हणजे जवळपास ५१००. सर्वोत्तम स्पर्धक कुठे आहे ते तुम्हाला कळले. पंचवीस कोड्यांचा असा तक्ता केला, की कुठे खणायचे ते आपोआप दिसते. सगळी उत्तरे एकदम चिकटवून पाठवली तर ही माहिती हातची जाते.

पहिला प्रोग्राम: मोजणारा

उत्तर शोधणारा प्रोग्राम नंतर. आधी, दिलेले उत्तर वैध आहे का आणि त्याचे गुण किती, एवढेच सांगणारा प्रोग्राम लिहा. तो हळू चालला तरी चालेल, पण बिनचूक हवा. कोड्याच्या वर्णनात दिलेले उदाहरण त्यात घालून बघा, मग हाताने सोडवलेले एक छोटे उदाहरण. वर पाच पत्त्यांचे केले तसे.

हे मी सांगतोय कारण माझ्या पहिल्या स्पर्धेत मी हे टाळले होते. शोधणाऱ्या प्रोग्राममध्येच मोजणी होती, त्यात मोजणी शून्यापासून सुरू होते की एकापासून याचा घोळ झाला होता, आणि चार दिवस मशीन एका वेगळ्याच, माझ्या स्वतःच्या कोड्याची सुंदर उत्तरे काढत बसली. आकडे बघून मी खूश होतो. पाठवल्यावर सगळी अवैध ठरली.

तेव्हापासून दोन मोजणारे ठेवतो. एक साधा, सावकाश, ज्यावर डोळे मिटून विश्वास टाकता येतो. दुसरा वेगवान, शोधाच्या आत चालणारा. दर काही हजार फेऱ्यांनंतर दोघांचे आकडे ताडून बघायचे. जुळले नाहीत तर प्रोग्राम तिथेच थांबला पाहिजे.

मग सगळ्यात बाळबोध शोध

कुठलीही एक मांडणी घ्या. तिच्यात छोटा बदल करा, उदाहरणार्थ दोन गोष्टींची अदलाबदल. आकडा सुधारला किंवा तेवढाच राहिला तर नवी मांडणी ठेवा, बिघडला तर जुनीवर परत या. हे लाखो वेळा. याला टेकडी चढणे म्हणतात. डोळ्यांवर पट्टी बांधून, पायाखालचा चढ चाचपत वर जाण्यासारखे.

'तेवढाच राहिला तर' हे शब्द नवखे हमखास विसरतात. अनेक कोड्यांत बहुतेक बदलांनी आकडा हलतच नाही. समान आकड्याच्या मांडण्या नाकारल्या तर शोध एका सपाट पठारावर जागच्या जागी उभा राहतो. स्वीकारल्या तर तो पठारावर भटकत भटकत पुढचा चढ गाठू शकतो. प्रोग्राममध्ये एका चिन्हाचा फरक (> च्या जागी >=), पण अनेकदा सगळ्यात मोठी सुधारणा त्यातूनच येते.

थोड्या वेळाने शोध अडकतो, कारण जवळच्या टेकडीचा माथा आला, आणि खरा डोंगर दरीपलीकडे आहे. त्यावर सगळ्यात जास्त वापरला जाणारा उपाय म्हणजे सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंग, १९८३ साली कर्कपॅट्रिक, जेलॅट आणि वेक्की यांनी मांडलेला. धातू तापवून हळूहळू थंड करावा, तशी कल्पना. शोधाला एक 'तापमान' असते. बदलाने आकडा बिघडला तरी तो कधी कधी स्वीकारायचा; किती वेळा, ते तोटा आणि तापमान यांच्या प्रमाणावर ठरते. तोटा २ आणि तापमान १० असेल तर शंभरात सुमारे ८२ वेळा. तापमान १ असेल तर सुमारे १४ वेळा. ०.२ वर आले की लाखात चार-पाच वेळा, म्हणजे दार जवळजवळ बंद. सुरुवातीचे तापमान ठरवायला ताळा सोपा आहे: बिघाड करणाऱ्या बदलांपैकी निम्म्याच्या आसपास स्वीकारले जात असतील तर सुरुवात ठीक आहे. शेवटी जवळपास एकही स्वीकारला जाऊ नये. मधला उतार जितका सावकाश, तितके उत्तर चांगले. दहा छोट्या धावांपेक्षा एक लांब धाव बहुधा सरस ठरते, पण हे प्रत्येक कोड्यावर स्वतः करून बघा.

वेग, आणि वेग कुठून येतो

सेकंदाला किती बदल तपासले जातात, हा आकडा पडद्यावर छापत राहा. पायथॉनमध्ये कल्पना पारखून घ्या आणि जमतेय असे दिसले की आतला लूप सी++ किंवा रस्टमध्ये लिहा. पन्नास-शंभर पटींचा फरक सहज पडतो. पण त्याहून मोठा फायदा असतो तो सगळे पुन्हा न मोजण्यात.

शहरांचा फेरा घ्या. फेऱ्यातले दोन रस्ते तोडून, मधला भाग उलटा करून, दोन नवे रस्ते जोडायचे, हा प्रसिद्ध बदल. नवी लांबी काढायला सगळी १,९७,७६९ अंतरे पुन्हा मिळवायची गरज नाही. दोन जुनी वजा, दोन नवी अधिक, झाले. चार अंतरांत काम भागते.

आता २०१८ च्या सांता स्पर्धेतली खोच बघा. दर दहावे पाऊल मूळ संख्येच्या क्रमांकाच्या शहरातून निघाले नाही तर ते दहा टक्के लांब धरले जाई. मधला भाग उलटा केला की त्यातल्या प्रत्येक शहराचा फेऱ्यातला क्रम बदलतो, म्हणजे कुठली पावले दहावी ठरणार तेही बदलते. चार अंतरांचा हिशेब कोलमडतो. कोडे तयार करणाऱ्याने हा काटा तिथे मुद्दाम पेरलेला असतो, तयार सॉफ्टवेअर नुसते चालवून कुणी जिंकू नये म्हणून. तरीही अनेकांनी केले ते शहाणपणाचे होते: मूळ संख्यांकडे दुर्लक्ष करून तयार सॉफ्टवेअरने आधी उत्तम साधा फेरा काढला आणि मग छोट्या बदलांनी दंड कमी केला. कोड्यातला ओळखीचा भाग आधी उरकावा, खोच नंतर. नवख्याला हा क्रम सहसा उलटा सुचतो.

बदल कुठला, यावर सगळे

इथे जरा थांबतो, कारण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा हाच आहे. नवखे लोक पद्धतींच्या नावांवरून वाद घालतात: अ‍ॅनीलिंग घ्यावे, टॅबू सर्च घ्यावा की जेनेटिक अल्गोरिदम? मीही एकदा केवळ नाव भारदस्त आहे म्हणून जेनेटिक अल्गोरिदमवर तीन आठवडे घालवलेत. नावाने फारसे काही ठरत नाही. तुमचा 'छोटा बदल' खरोखर छोटा आहे का, यावर बहुतेक सगळे ठरते.

टॉपस्वॉप्समध्ये दोन पत्त्यांची अदलाबदल दिसायला छोटी, पण परिणामाने प्रचंड. दुसऱ्या-तिसऱ्या पावलालाच खेळ वेगळ्या वाटेने जातो आणि आकड्याचा जुन्या आकड्याशी काही संबंध उरत नाही. अशा जागी अ‍ॅनीलिंग कितीही सावकाश थंड केले तरी हाती फारसे लागत नाही. चढच नाही तर चढणार कशावर?

उपाय असा की खेळ उलटा चालवायचा. शेवटच्या मांडणीपासून, १ २ ३ ४ ५ पासून, मागे या. एखादा पत्ता (१ सोडून) स्वतःच्या जागी असेल, म्हणजे ३ हा तिसऱ्या जागी, तर आधीच्या पावलात तो पहिल्या जागी असू शकतो. तेवढे पत्ते उलटवले की मागची मांडणी मिळते. १ २ ३ ४ ५ मध्ये २, ३, ४, ५ चारही पर्याय खुले आहेत. ५ निवडला तर ५ ४ ३ २ १, त्यात फक्त ३ जागेवर. तो उलटवला की ३ ४ ५ २ १, आणि आता एकही पत्ता जागेवर नाही. दोन पावलांत वाट संपली. २ निवडला तर २ १ ३ ४ ५, अजून तीन पत्ते जागेवर, आणि नीट निवड करत गेले की ३ १ ४ ५ २ पर्यंत सात पावले मिळतात. जागेवरचे पत्ते म्हणजे शिल्लक राहिलेले इंधन. हे एकदा दिसले की अर्धवट उत्तराचीही किंमत ठरवता येते: किती पावले झाली आणि किती पत्ते अजून जागेवर आहेत.

मग बीम सर्च हाताशी येतो. प्रत्येक पायरीवर सगळ्या वाटा न धरता, किमतीने वरच्या हजार वाटा ठेवायच्या, बाकीच्या सोडायच्या, पुढची पायरी. हजाराचे लाख केले की उत्तर सुधारते, वेळही त्याच पटीत वाढतो. एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा: खेळ १ वर संपतो, बाकीचे पत्ते तेव्हा क्रमात असतीलच असे नाही. म्हणून उलटी सुरुवात इतर मांडण्यांपासूनही करून बघावी लागते.

एटर्निटीच्या विजेत्यांचा विचारही याच जातीचा होता. कुठले तुकडे बसवायला सोपे आणि कुठले अडेलतट्टू, याची किंमत त्यांनी आधी काढली. अडेल तुकडे सुरुवातीलाच वापरून टाकले आणि गुणी तुकडे शेवटच्या अरुंद जागेसाठी राखून ठेवले.

आणखी एक नमुना. २००५ साली सुरू झालेल्या झिमरमन स्पर्धेत १, २, ३ अशा वाढत्या त्रिज्यांच्या चकत्या लहानात लहान वर्तुळात बसवायच्या होत्या, ५ चकत्यांपासून ५० पर्यंत. तिथे कुठल्याही दोन चकत्या बदलल्या तर सगळी मांडणी विस्कटते. पण २३ आणि २४ त्रिज्येच्या चकत्या बदलल्या तर धक्का हलका बसतो. मग सगळ्या चकत्यांना थोडे थोडे सरकू द्यायचे, मांडणी पुन्हा घट्ट बसेपर्यंत, आणि तेव्हाच आकडा बघायचा. धक्का द्या, बसू द्या, मोजा. अ‍ॅडिस, लोकातेल्ली आणि शोएन या विजेत्या इटालियन चमूची पद्धत याच घराण्यातली होती आणि तिच्यावर पुढे त्यांचा शोधनिबंधही आला.

वहीतली कामे

कंटाळवाणी, पण यांनीच स्पर्धा हरल्या-जिंकल्या जातात. प्रत्येक कोड्याचे सर्वोत्तम उत्तर वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि नवे उत्तर जुन्यापेक्षा चांगले असेल तरच ती फाइल बदलली जाईल, अशी अट प्रोग्राममध्ये घाला. मी एकदा दोन प्रोग्राम एकाच फाइलवर लिहीत ठेवले होते. सकाळी उठून पाहतो तो आठवड्याभराचे उत्तर पुसलेले. रँडम आकड्यांचे बीज (ज्या आकड्यापासून त्यांची मालिका सुरू होते तो), तापमान, धावेची वेळ हे सगळे उत्तरासोबत नोंदवा. मोठ्या कोड्यावर नवी कल्पना तपासताना एकाच धावेवरून निकाल लावू नका. निदान दहा धावा, वेगवेगळ्या बीजांच्या, आणि मधला आकडा बघा. नशिबाने लागलेला एखादा चांगला आकडा माणसाला महिनाभर चुकीच्या वाटेला लावतो.

छोट्या कोड्यांची उत्तरेही नुसती आकडे म्हणून सोडून देऊ नका. ती छापून भिंतीवर लावा. सममिती दिसते का? काही ठरावीक तुकडे पुन्हा पुन्हा येतात का? तसे काही दिसले तर मोठ्या कोड्यात शोध तशाच घडणीच्या मांडण्यांपुरता बांधून घाला. मशीनला न दिसणारी गोष्ट डोळ्याला दिसते, ती इथे.

शिष्टाचार आणि शेवटचा आठवडा

स्पर्धा चालू असताना उत्तर किंवा उत्तराकडे थेट नेणारी माहिती उघड करायची नाही. एका माणसाचे एकच खाते. चमू करायला मुभा असेल तर चमू म्हणूनच नाव नोंदवा. विजेत्यांचे जुने शोधनिबंध वाचणे, तयार सॉफ्टवेअर वापरणे याला बहुधा हरकत नसते, पण नियम प्रत्येक वेळी नव्याने वाचा.

काही जण चांगले उत्तर दडवून शेवटच्या रात्री पाठवतात, म्हणजे इतरांना पाठलाग करायला वेळ मिळत नाही. नवख्याने या फंदात पडू नये. बरोबरी झाली तर आधी पाठवणारा वर राहतो अशी पद्धत अनेक ठिकाणी आहे, आणि शेवटच्या रात्री वीज, इंटरनेट आणि आपली बोटे, तिन्ही दगा देतात.

शेवटच्या आठवड्यात नवी पद्धत लिहायला घेऊ नका. तुमच्या तक्त्यात जिथे ०.९८ च्या खाली गुण आहेत, अशी दोन-तीन कोडी निवडा, सगळी मशीन त्यांच्यावर लावा आणि पठारावर असलेल्या बाकीच्यांना हात लावू नका. मुदत संपल्यावर विजेते आपापल्या पद्धती सांगू लागतात. त्या वाचायच्या आधी, तुमच्या मते ९७ पत्त्यांचे कोडे त्यांनी कसे सोडवले असेल, ते चार ओळींत लिहून ठेवा, मग त्यांचे वाचा.